पलटवू नको

माझ्या नवऱ्याला गंजलेली वस्तू दिसली की तो ती घरी आणतो, आणि रेझर असला तर पेढे आणल्यासारखा आणतो. उत्कर्ष शाळेत गणित शिकवतो आणि उरलेल्या जन्मात जुने दाढीचे रेझर गोळा करतो. भंगारातून, शिरपूरच्या बाजारातून, मेलेल्या माणसांच्या ट्रंकांतून. बेचाळीस झालेत. अकोल्याकडच्या मालेगावात आमचं दोन खोल्यांचं घर, त्यात बेचाळीस रेझर आणि वापरून टाकायच्या चार रुपयांच्या रेझरनं दाढी करून शाळेत पळणारा हा माणूस. नाचता येईना अंगण वाकडं म्हणायचीही सोय नाही, कारण हा नाचतच नाही, नुसतं अंगण झाडतो.

झाडतो मात्र मन लावून. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश. चिंच लावू देत नाही, मुलामा जातो म्हणतो. प्रत्येक रेझर तीन तुकड्यांचा: वर झाकण, मध्ये पट्टी, खाली दांडा. ब्लेड झाकण आणि पट्टीच्या मध्ये बसतं आणि दोन्ही बाजूंनी धार जराशी बाहेर राहते. एक बाजू फेसानं भरली की पलटवून दुसरी वापरायची. हे मला इतक्यांदा ऐकवलंय की झोपेतही सांगेन.

त्यातला एकच रेझर विकत आणलेला नाही. तो माझ्या सासऱ्यांचा, ग्यानबा मामाजींचा. अकोल्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मजुरीला होते तेव्हा, अठरा वर्षांचे असताना घेतलेला. गावचा न्हावी आमच्या वस्तीतल्या माणसाच्या गालाला हात लावत नसे. मग दर रविवारी कडुलिंबाखाली मामाजी बसत आणि अख्ख्या वस्तीची दाढी करत. ग्यानबाच्या हाताखाली रगत येत नाही, असं लोक म्हणत.

आता त्यांचा हात थरथरतो. दोन वर्षांपूर्वी हृदयाची झडप बदलली, तेव्हापासून रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. मी नर्स आहे, त्या गोळीशी माझी रोजची गाठ. मागच्या महिन्यात एका खिळ्यानं त्यांचा अंगठा नुसता ओरखडला तर चार वाजल्यापासून दिवेलागणीपर्यंत मी दाबून बसले होते. डॉक्टरांनी ब्लेड बंद केलं आणि मी घरात ट्रिमर आणला. मामाजी त्याला गवत कापायची मशीन म्हणतात.

उद्या केनवडच्या पलीकडं, त्यांच्या गावात, नव्या विहाराचा झेंडा त्यांच्या हातून चढणार होता. त्यांनी सकाळीच जाहीर केलं, "दाढी माह्या रेझरनं होईन. मशीननं खुटं राह्यतात. तेवढ्यांपुढं मी खुटं घेऊन उभा राह्यणार नाही."

"मामाजी, कापलं तं?" मी म्हणाले.

"उत्कर्ष करून देते. कायले कापन?"

मी उत्कर्षकडं पाहिलं. बेचाळीस रेझरांच्या मालकानं दुसऱ्याच्या गालावर आजवर एकही चालवला नव्हता. पण बापानं पहिल्यांदा काही मागितलं होतं, आणि त्याचा चेहरा असा उजळला की मला नाही म्हणवेना. मी कापूस, तुरटी, बँडेज मांडलं आणि बाजूला उभी राहिले. मला भयंकर राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती.

मामाजी खुर्चीत बसले. उत्कर्षनं ब्रशनं फेस केला, गालभर लावला. मामाजींनी रेझर मागून घेतला. थरथरता अंगठा त्यांनी धारेच्या कडेनं, धारेला न लावता, फिरवला. एक बाजू. मग दुसरी. दुसरीच्या कोपऱ्यात अंगठा थांबला. मग त्यांनी रेझर परत दिला, पहिली बाजू पुढं करून.

"याच बाजूनं कर. फेस भरला तं धुवून घे. पलटवू नको."

"बाबा, दोन बाजू कायले असतात मंग?"

"पलटवू नको म्हनलं ना."

म्हाताऱ्याचा हट्ट, असं उत्कर्षला वाटलं. मला मात्र तो थांबलेला अंगठा दिसला, आणि शनिवार आठवला.

शनिवारी यानं पाच रेझर खोलून, धुवून वर्तमानपत्रावर वाळत घातले होते, प्रत्येकाचे तीन तुकडे शेजारी शेजारी. तेही माझ्या ओट्यावर. पाहुणे दारात आणि ओट्यावर हा बाजार! मी रागात सगळे तुकडे एका पातेल्यात लोटले. पाहुणे गेल्यावर घाबरले आणि अंदाजानं पुन्हा तीन-तीन मांडून ठेवले. त्याला बोलले नाही. त्यानं मी मांडले तसे जोडले.

त्या पाचांत मामाजींचा होता आणि शिरपूरचाही एक, त्याच कंपनीचा. पण शिरपूरच्याची पट्टी पडून वाकलेली. उत्कर्षनं ती ओट्यावर ठेवून मला दाखवली होती, "पाह्य, डुगडुगते. यात ब्लेड लावलं तं एका बाजूनं धार उघडी पडते. हा निस्ता शोभेचा."

"गरम पाणी आणते," म्हणून मी आत गेले. डब्यातून शिरपूरचा रेझर काढला, दांडा फिरवला, पट्टी ओट्यावर ठेवली आणि बोटानं कोपरा दाबला.

डुगडुगली नाही. दुसरा कोपरा दाबला. सपाट बसलेली.

म्हणजे वाकलेली पट्टी बाहेर होती. मामाजींच्या गालावर.

मी पाण्याची वाटी उचलून धावत दारात आले आणि तिथंच खिळले. गाल झाले होते, मान वर होती, आणि रेझर गळ्याच्या घाटीपाशी होता. ओरडले असते तर त्याचा हात दचकला असता. तेवढ्यात उत्कर्षनं रेझर उचलला, फेसानं भरलेला पाहिला, आणि ज्या हाताला सवय नव्हती त्या हातानं, पुस्तकातल्यासारखा, पलटवला. उघडी धार खाली आली. गळ्यापासून चार बोटं.

मी चालत गेले. धावले नाही. रोजच्या आवाजात म्हणाले, "अवो, पाणी आणलं. यात धुवा पह्यले." आणि वाटी त्याच्या हाताखाली धरली. रेझर पाण्यात गेला तसा मी त्याच्या मुठीतून काढून घेतला. मग वाटी खाली ठेवली.

सांगितलं सगळं. पातेलं, अंदाज, लपवणं. उत्कर्षनं रेझर खिडकीशी धरला. एका बाजूला धार तांदळाच्या दाण्याएवढी बाहेर आली होती. त्याच्या ओठांचा रंग उडाला.

"मले अंगठा लावला तवाच समजलं होतं," मामाजी म्हणाले. अर्ध्या गळ्यावर फेस तसाच.

माझा राग मग त्यांच्यावर निघाला. "मंग सांगतलं काहून नाही? काही झालं असतं तं?"

"सांगतलं असतं तं तू बंद पाडली असती." त्यांनी फेसाची बोटं धोतराला पुसली. "साठ वर्षं मी लोकायची दाढी केली, बाई. अन् माही मीच केली. माह्या गालाले आजवर दुसऱ्याचा हात नाही लागला. आज मी निस्ता बसून होतो अन् दुसरा करून राह्यला होता. थांबवू कायले?"

उत्कर्षनं शिरपूरच्या रेझरातली खरी पट्टी आणली, नवं ब्लेड लावलं, रेझर आधी बापाच्या हातात दिला. अंगठा दोन्ही बाजूंनी फिरला, कुठं थांबला नाही. मामाजींनी मान वर करून डोळे मिटले. उरलेला गळा व्हायला दहा मिनिटं लागली. मी शेजारी कापूस धरून उभी होते, तो तसाच पांढरा राहिला.

"झालं, बाबा."

मामाजींनी गालावरून हात फिरवला. लोण्यासारखा गाल. मग डोळे न उघडताच म्हणाले, "डाव्या कानाखाली राह्यलं थोडं."

राहिलं नव्हतं. उत्कर्षनं वाकून पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. गोळी, खिळा, डॉक्टर, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं.

"हो, राह्यलं खरंच," मी म्हणाले. "पुन्हा साबन लावा."

त्यानं फेस लावला. मी त्याच्या हातातून रेझर घेतला, दांडा फिरवून ब्लेड काढलं, पुन्हा जोडून त्याला दिला. बिनब्लेडचा रेझर त्यानं हळूहळू फिरवला, कानाखाली, गालावर, हनुवटीवर, पुन्हा कानाखाली. या माणसानं आयुष्यभर नुसत्या अंगठ्यानं धार ओळखलेली. ब्लेड नसल्याचं कळलंच असणार. त्यांनी नुसती मान आणखी वर केली.