पेटीतल्या सात साड्या

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांचा देवीशी असलेला व्यवहार मात्र मला अजून तोंडपाठ आहे, कारण इतका चोख व्यवहार मी इतवारीच्या बाजारातही पाहिला नाही.

नऊ वार म्हणजे छत्तीस विती. पोळ्याच्या पाडव्यापासून नवरात्रातल्या सप्तमीपर्यंत दिवस सदतीस. रोज पहाटे आंघोळ करायची, ओल्या केसांनी मागावर बसायचं, देवीच्या साडीची एक वीत विणायची आणि मगच पाण्याचा पहिला घोट घ्यायचा. सदतिसावा दिवस शिल्लक. एखादी तिथी घटली किंवा ताप आला तर असावा म्हणून. अष्टमीला साडी छातीशी धरून सावनेरच्या एसटीत बसायचं आणि वाटेतल्या देवीला ती वाहून यायचं. माझे बाबा, धोंडबा विणकर, यांनी हे कधी चुकवलं नाही.

महाल वस्तीतल्या आमच्या घरात दोन माग होते. आजोबांचा जुना माग फक्त देवीसाठी. तिथली वीत झाली की बाबा दुसऱ्या मागाच्या खड्ड्यात पाय सोडत, ते दिवेलागणीलाच वर काढत. तिथं व्यापाऱ्याच्या साड्या चालत. अमावास्येला या मागाला सुट्टी असे. त्या दिवशी ते माग पुसत, सूत फेकायचे धोटे घासत, तुटलेले धागे निवडत. याला ते आराम म्हणत.

सदुसष्ट साली मी इतवारीत भैयाजींच्या कापडदुकानात लागलो. दिवाळी झाली आणि त्याच देवीच्या देवस्थानाकडून साड्यांचं एक गाठोडं आलं. ते दरवर्षीच यायचं. देवी एक, ओटीत आलेल्या साड्या शेकडो. सगळ्या तिनं कधी नेसाव्यात? भैयाजी त्या घेत आणि भाजीवाल्या, मोलकरणी, हमालांच्या बायका यांना परवडेल अशा विकत. यात लबाडी कुठंच नव्हती.

पण मी गाठ सोडली आणि वरून तिसरी साडी बाबांची निघाली. चुकायला जागाच नव्हती. देवीच्या साडीच्या पदराला एका कोपऱ्यात बाबा कुंकवाच्या रंगाचे पाच धागे घालत, आणि व्यापाऱ्याच्या साडीत ते कधीच नसत.

छत्तीस पहाटा उपाशीपोटी विणलेली साडी एका विटक्या नायलॉनखाली चुरगळून पडली होती. बाबांच्या हिशेबी ती देवीच्या अंगावर असणार. त्यांना हे कळलं तर दुसऱ्या दिवशी ते मागावर कशाच्या जोरावर बसतील? मी साडी घडी करून बाजूला ठेवली आणि भैयाजींना म्हणालो, "ही मी नेतो. पगारात वळती करा."

"कोणासाठी गा?"

"घरी लागते."

"तुह्या घरी एक तुही माय तुळसाबाई. अन तिचा नवरा सोताच साड्या विणते," भैयाजी म्हणाले आणि डोळा बारीक करून हसले.

पुढच्या वर्षीही मी बाबांची साडी उचलली. त्याच्या पुढच्या वर्षीही. मग दुकानात ती गंमतच होऊन बसली. गाठोडं आलं की भैयाजी हाक मारत, "वामनराव, तुमची आली पाहा." आणि गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा बेतानं पुढं म्हणत, "नऊवारी नेसते म्हणजे बाई वयानं मोठी दिसते."

मी ऐकून घेत होतो. सात वर्षांत सात साड्या घरी माळ्यावरच्या माझ्या पत्र्याच्या पेटीत गेल्या, डांबराच्या गोळ्यांसकट.

इकडे बाबांची भक्ती वाढत चालली होती. दुसऱ्या वर्षी त्यांनी साखर सोडली. चौथ्या वर्षी चहा. साडीचा काठ दोन बोटांचा असे, तो तीन झाला, चार झाला, आणि एका वितीला तास लागायचा तिथं तीन तास जाऊ लागले. डोळ्यांतून पाणी गळे, तरी माणूस उठत नसे.

"बाबा, देवीले एवढा रुंद काठ काहून?" मी एकदा विचारलं.

"आवडला पाह्यजे ना गा तिले," एवढंच म्हणाले.

मी मनात म्हटलं, उतारवयात माणूस देवाकडे जरा जास्तच सरकतो. माणसं ओळखण्यात आपला हात कोणी धरणार नाही, असा माझा त्या काळी समज होता.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीआधी आईनं माळा झाडायला काढला. संध्याकाळी मी सायकल लावली तेव्हा ती उंबऱ्यावर बसली होती आणि शेजारी माझी पेटी उघडी होती; साड्यांच्या घड्या तिनं मोडल्या नव्हत्या.

"वामन, कोण हाय गा ते?"

"कोण?"

"जिच्यासाठी सात साड्या जमवून राहिला. लेकरंबाळं तं नाही ना तिले? अन नऊवारी नेसते म्हणजे माह्या वयाची हाय का काय?"

क्षणभर वाटलं, हो म्हणून टाकावं. नसलेली बाई कबूल केली असती तर आईनं चार दिवस कपाळ बडवलं असतं, पण बाबांची देवी वाचली असती. मी तोंड उघडणार तोच बाबा हात पुसत मागावरून उठून आले.

त्यांनी वरची साडी उचलली. पाहिली नाही; अंगठा काठावरून फिरवला. मग पदराचा कोपरा शोधला. मग एकेक करून सातही साड्या काढल्या आणि चटईवर ओळीनं मांडल्या. दोन बोटांच्या काठापासून सात बोटांच्या काठापर्यंत, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या.

"कुठून आणल्या?"

मी सगळं सांगितलं. गाठोडं, भैयाजी, पेटी. शेवटी म्हणालो, "तुमाले वाईट वाटलं असतं म्हणून लपवल्या."

बाबांनी शेवटच्या साडीची सुरकुती तळव्यानं सारखी केली.

"म्हणजे देवीआईनं टाकल्या नव्हत्या," ते म्हणाले.

"कोण टाकते देवाच्या साड्या?" आई म्हणाली.

"तुले काय माहीत वं. आधी मले दरसाल दिसे. माल पोचवाले इतवारीत गेलो का लाल कोपरा दिसे. एक साल सांबाराच्या जुड्या विकते तिच्या अंगावर, एक साल त्या हमालाच्या बायकोच्या. मी म्हणो, आई आली बाजारात, आपली साडी नेसून. मंग एकदम बंद झालं. सात साल मी बायकांचे पदर पाहत फिरून राहिलो."

"या वयात," आई म्हणाली.

"मले वाटलं आपल्या हातून काही चुकलं. विणण्यात का वागण्यात, ते समजे नाही. म्हणून साखर सोडली."

"अन चहा?" मी विचारलं.

"चहा बी."

काठाचं मी विचारलं नाही. तो समोर मांडलेलाच होता.

बाबांना दुःख होऊ नये म्हणून मी सात वर्षं राबलो होतो, आणि त्यांचं दुःख तेवढंच होतं जेवढं मी पेटीत भरलं होतं. मी मान खाली घालून बोलणी खायची वाट पाहत होतो. पण बाबांचे खांदे हलायला लागले. वर पाहिलं तर ते हसत होते, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत. त्यांना असं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"देवीच्या वाटेत माहाच पोरगा आडवा पडला होता," ते म्हणाले. "तुळसे, चहा ठेव. साखर टाकजो."

"सात सालाची एकदम टाकू का?" आई म्हणाली आणि उठली.

दुसऱ्या दिवशी सायकलच्या कॅरिअरला पेटी बांधून मी दुकानात नेली. भैयाजींनी झाकण उघडलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "मोडलं काय गा?"

"मोडलं," मी म्हणालो. सातही साड्या आठवड्यात खपल्या.

पुढच्या शनिवारी बाबा माल पोचवून दुकानाच्या पायरीवर टेकले होते. समोरून भीमाबाई भाजीची टोपली डोक्यावर घेऊन, हातठेल्यावाल्याला शिव्या घालत आली. अंगावर सात बोटांच्या काठाची साडी, कमरेला खोचलेल्या पदरात लाल कोपरा. बाबा उठून उभे राहिले. पंचाखाली त्यांनी हात जोडलेत हे फक्त मला दिसलं. ती वळणावर दिसेनाशी होईस्तोवर ते तसेच उभे होते.

मग खाली बसले आणि म्हणाले, "काठ जड झाला गा. चालताना ओढते तिले. पुढच्या साली दोन बोटंच घालतो."