उजवा कौल

“देवी भामाकडे राहील. पण भामाला तू सांभाळ, मालन. ती भोळी आहे.”

सासूबाईंनी शेवटच्या आजारात हे सांगितलं आणि मी हो म्हणाले. अठ्ठावीस वर्षं त्यांच्या देवीचे मंगळवार मी धरले, आणि भवानीची पितळी मूर्ती गेली धाकट्या जावेकडे.

भामाचं घर गुट्ट्याच्या, म्हणजे टेकडीच्या, उतारावर. तिच्या देवघरातून अर्धं हैदराबाद दिसतं. चिक्कडपल्लीतल्या माझ्या खिडकीतून समोरच्यांची वाळत घातलेली धुणी.

दीडेक वर्षापूर्वी देवी तिथे कौल देऊ लागली. मुकुटावर ओलं फूल चिकटवायचं, मनात प्रश्न धरायचा. देवीच्या उजवीकडे पडलं तर होकार. भामाकडे प्रत्येक फूल उजवीकडेच पडे. मंगळवारी गल्लीतल्या बायांची रांग लागे.

“अक्का, तुम्ही पण विचारा ना,” भामा म्हणायची. “आई कुणाला नक्को म्हणतच नाही.”

माझ्या घरात मात्र देव कधी बोलला नाही.

गेल्या मंगळवारी सगळ्या गेल्यावर, भामा चहा टाकायला आत गेली तेव्हा मी हळूच फूल लावलं. माझ्याकडे येशील का? फूल उजवीकडे पडलं. आनंदाने मी नमस्काराला वाकले आणि पदर लागून विड्यावरची सुपारी खाली पडली. ती घरंगळत भिंतीला जाऊन टेकली. देवीच्या उजव्या हाताच्या भिंतीला, उताराच्या बाजूला. मी उचलून फरशीच्या मधोमध ठेवली. पुन्हा तिकडेच गेली. तिसऱ्यांदाही.

मग एकेक आठवलं. फाटक बसेना म्हणून सुताराने दोनदा रंधलं होतं. पायरी आणि भिंत यांच्यातल्या फटीत आता बोट जात होतं. दारासमोरचा विजेचा खांब खालच्या बाजूला कलला होता. गुट्ट्याची माती इंचाइंचाने सरकत होती आणि घराला बरोबर नेत होती.

खोटं कशाला लिहू, आधी मला बरं वाटलं. देवी तिच्याशीही बोलत नव्हती तर. मग वाटलं, सांगितलं तर भामा म्हणेल, अक्का जळतात. जळतच होते. चहा पिऊन मी गप्प घरी आले.

शनिवारपासून पावसाने उघडीप दिली नाही. आज सकाळी, पूजा आटोपते तोवर, भामाचा फोन आला.

“अक्का, मागची संरक्षक भिंत फुगल्यासारखी दिसते. हे गावाला गेलेत. आईला विचारलं, इथेच राहू का? उजवा दिला.”

“भामा, मूर्ती उचल आणि इकडे ये. तुझी फरशी कललीये, म्हणून फूल तिकडे पडतं.”

ती हसली. “तुम्हाला ती मूर्ती पहिल्यापासून पाहिजे होती, अक्का. तुमचं ऐकू का आईचं?”

तिने फोन ठेवला. बोललेलं खोटं नव्हतं, म्हणून राग धरायलाही जागा नव्हती.

मी देवघरातली मधली जागा रिकामी केली, ओल्या फडक्याने पुसली. शेजारच्या खोलीत भामासाठी अंथरूण घातलं. मंगळवारचा उपास, तोंडात पाणीही घेतलं नव्हतं. पूजेतली सुपारी पदराच्या टोकाला बांधली. तिच्या फरशीवर सोडून दाखवेन; भामा माझं नाही, तर सुपारीचं ऐकेल. छत्री घेतली, दार आवाज न करता ओढलं आणि गुट्ट्याकडे जाणाऱ्या बसच्या थांब्याकडे निघाले.