सभापतीचा घास

"डावीकडून धर रे देवीदास, डावीकडून! तिकडचाच तं पाय नाई त्याले!"

वामनराव आपल्या ओट्यावर बसून सांगत होते. त्यांनी जन्मभर एसटी चालवली होती आणि रिटायर झाल्यावर गल्ली चालवायला घेतली होती. देवीदासने मान वर केली नाही. फवारणीच्या जुन्या पंपाचे पट्टे त्याने एका रिकाम्या पोत्याला शिवले होते. ते पोतं कुत्र्याच्या छातीखालून घालून, पट्टे मुठींत धरून तो वाकून उभा होता.

"ऊठ," तो म्हणाला.

कुत्र्याने त्याच्याकडे पाहिलं, मग वामनरावांकडे पाहिलं आणि हनुवटी पुन्हा जमिनीवर टेकवली.

"सभा तहकूब," वामनराव म्हणाले.

कुत्र्याचं नाव सभापती. ते गल्लीने ठेवलं होतं. तो रस्त्याच्या मधोमध बसे, ऑटोवाले त्याला वळसा घालून जात, आणि त्याला काही काम करताना कुणी पाहिलं नव्हतं. दिसायला गावठी, पण त्याच्या घराण्यात कधीतरी एखाद्या बंगल्यातला लॅब्रेडोर शिरला असावा, एवढं त्याचं डोकं आणि छाती रुंद होती. बाकीचं वजन मात्र शकुनचं होतं.

शकुन म्हणजे देवीदासची बायको. एकुलता एक नितेश नोकरीसाठी पुण्याला गेला, तरी तिचा स्वयंपाक तिघांचाच राहिला. देवीदास बोलला तर म्हणायची, "मी काय करू? हात आयकत नाई." मग नितेशच्या वाटची भाकर, नितेशच्या वाटचं वरण आणि सणाला नितेशच्या वाटची पुरणपोळी सभापती खात गेला. नितेश पुण्यात वाळत गेला आणि कुत्रं अकोटात भरत गेलं.

देवीदासचा त्यात काही संबंध नव्हता. पहाटे वांगी-भेंडी घेऊन बाजारात जायचं, दुपारी परत यायचं, जेवायचं, पुन्हा मळ्यात जायचं. त्याच्या आयुष्यात सांगण्यासारखं कुणाला काही सापडलं नसतं, त्यालाही नाही. मागच्या श्रावणात शकुनला ताप आला. ती तो अंगावर काढत राहिली आणि शेवटी अकोल्याला नेताना वाटेतच गेली. त्यानंतर घरात बोलायला देवीदास आणि कुत्रं असे दोघेच उरले, आणि दोघांनाही बोलायची सवय नव्हती.

या उन्हाळ्यात कुत्रं मळ्यापलीकडे गेलं ते आलंच नाही. देवीदासला ते तिसऱ्या दिवशी बांधावर सापडलं. रानडुकरांसाठी कुणीतरी तारेचा फासा लावला होता. तार पुढच्या डाव्या पायात हाडापर्यंत गेली होती. फासा कोणाचा हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी विचारलं नाही.

अकोल्याला जनावरांच्या दवाखान्यात पाय खांद्यापासून काढला. डॉक्टर माधवी म्हणून होत्या, नितेशहून थोड्या मोठ्या असतील.

"काका, कुत्र्याचं जास्त वजन पुढच्या पायांवर असतं," त्या म्हणाल्या. "आता ते सगळं एका पायावर येणार. ह्याला बारीक करा. काहीही करा, पण बारीक करा. नाहीतर तो पाय मनगटातून बसेल."

"आन बसला तं?"

डॉक्टर हातमोजे काढत राहिल्या. "मग कापायला काही उरत नाही, काका. मग एक इंजेक्शन असतं."

देवीदासने मान हलवली. परतताना मालवाहू ऑटोत मागे कुत्र्याशेजारी बसून त्याने संपूर्ण रस्ता त्याचं डोकं मांडीवर धरलं. तसं धरायचं असतं म्हणून नव्हे. प्रत्येक खड्ड्याला ते आपटत होतं म्हणून.

नितेशने पहिल्या पगारातून घरात गुळगुळीत फरशी बसवून दिली होती. तिच्यावर कुत्रं उभं राहायला गेलं की पाय सरकून तोंडावर पडे. देवीदासने सगळ्या फरशीवर बारदाना अंथरला. घराला गोदामाची कळा आली. वाकून खाताना कुत्रं पुढे कलंडायचं, म्हणून घमेलं पालथं घालून त्यावर ताटली ठेवली. ताटलीत उकडलेली लौकी आणि अर्धी भाकर. पहिल्या दिवशी सभापतीने लौकी हुंगली आणि देवीदासकडे असं पाहिलं, जणू चूक झाली असेल तर अजून दुरुस्त करता येईल.

"पाह्यतं काय? मीबी थेच खाऊन राह्यलो," देवीदास म्हणाला. ते खरं होतं. दोन वेगळ्या भाज्या त्याला येत नव्हत्या.

नितेशने पुण्याहून कुत्र्यासाठी तयार पट्टा मागवून पाठवला. तो वामनरावांच्या नातीच्या मांजरीला बरोबर बसला. देवीदास पोत्यावरच राहिला. सकाळ-संध्याकाळ छातीखाली पोतं घालायचं, उचलायचं, दारापासून लिंबाच्या झाडापर्यंत न्यायचं. डाव्या अंगाला तोल गेला की आपल्या गुडघ्याचा टेका द्यायचा. देवीदासची कंबर धरली. चालताना आता तोही थोडा डावीकडे झुकायला लागला. गल्लीने दोघांना बघून घेतलं आणि काही दिवसांनी बघायचं सोडलं.

आषाढ संपता संपता एका सकाळी पट्टे अचानक हलके लागले. सभापती स्वतःच्या जोरावर उड्या मारत लिंबापर्यंत गेला. तिथे त्याने सवयीने मागची तंगडी वर केली आणि सगळा कोसळला. उठला. थोडा वेळ विचार करून त्याने कुत्रीसारखं खाली बसून घेतलं. वामनरावांनी तेवढ्यापुरती मान फिरवली.

त्या दिवशी देवीदासने अकोल्याला फोन लावला. "डाक्टरीनबाई, तो चालते," एवढंच सांगितलं आणि ठेवून दिला.

पुढे भाद्रपद लागला आणि मागोमाग पितृपक्ष आला.

गल्लीत घरोघरी तिथीप्रमाणे वडे, खीर, कढी, कोहळ्याची भाजी होऊ लागली. पान वाढलं की एक घास कावळ्याला, एक गायीला, एक कुत्र्याला. गायी आता कुणाकडे राहिल्या नव्हत्या. कावळेही गल्लीत येईनासे झाले होते. काहींच्या मते टॉवरमुळे, वामनरावांच्या मते गल्लीतल्या खिरीमुळे. राहिलं कुत्रं. ते जागेवर सापडे, हाकेला उत्तर देई आणि कुणाच्याही पितरांबद्दल त्याच्या मनात भेदभाव नव्हता. अख्ख्या गल्लीच्या पूर्वजांचा कारभार अशा रीतीने सभापतीकडे आला.

हे सगळं देवीदास बाजारात असताना होई. ओसरीच्या अर्ध्या दारावरून बायका हात घालून पान आत ठेवत. देवीदासला एवढंच दिसलं की दुपारी कुत्रं लौकीला तोंड लावत नाही, भाकरीसाठी रडत नाही, शांत पडून असतं.

"सुदरला," त्याने वामनरावांना सांगितलं. "भूक मारता येते त्याले आता."

वामनराव काहीतरी बोलणार होते. पण परवाच त्यांच्या वडिलांची तिथ झाली होती, म्हणून ते पेपर वाचू लागले.

सप्तमीला देवीदासने छातीखाली पोतं घातलं आणि उचललं, तर कुत्रं उठेना. ओढल्यावर उभं राहिलं आणि पुढचा पाय मनगटातून आत दुमडला. सांधा गरम होता, सुजून बटाट्याएवढा झालेला. देवीदासने त्याच्या खालचा बारदाना उपसला. घडीत वड्याचे तुकडे होते, वाळलेली खीर होती, पत्रावळीचे कपटे होते.

तो गल्लीत येऊन उभा राहिला.

"कोनी घातलं?"

मग मैनाबाई पुढे आल्या. देवीदासच्या थोरल्या भावाची बायको, समोरच्याच घरात राहणारी. गल्लीत कुणाचंही पान असो, चुलीपाशी त्याच असत.

"म्या घातलं, भाऊजी. मामंजीची तिथ होती."

"त्याले मना हाय म्हून सांगतलं होतं ना, वयनी?"

"सांगतलं होतं. मंग? तुमच्याच बापाले उपाशी ठेवू का मी?"

बाप जिवंतपणीही जेवणावरून ऐकणारा नव्हता.

डॉक्टरांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. "आठवडाभर बघू," त्या म्हणाल्या. "पाण्यासारखं पातळ द्या, वजन टाकू देऊ नका. एकदा जरी स्वतःहून उभा राहिला तरी मला आशा आहे. नाही राहिला तर घेऊन या, काका." कशासाठी आणायचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि देवीदासनेही विचारलं नाही. त्याने बाजार बंद केला आणि ओसरीत कुत्र्याजवळ बसून राहिला.

नवमी शकुनची होती. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची तिथ नवमीला करतात. वर्षश्राद्ध झाल्यावरचं तिचं हे पहिलंच पान. मैनाबाई सकाळीच येऊन चुलीला लागल्या. वडे तळले, खीर आटवली. सवाष्ण म्हणून शेजारची रागिणी जेवून, खण घेऊन गेली. नितेशला सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून तो मोबाइलमध्ये हजर होता. त्याला पाण्याच्या माठाला टेकवून ठेवलं होतं.

कावळ्याचं पान टिनाच्या छपरावर ठेवलं. सगळे अंगणात उभे राहून आकाशाकडे बघू लागले. ऊन वर आलं. पानावर माशा आल्या. कावळा आला नाही.

"नाई येत," मैनाबाई म्हणाल्या. "येनारच नाई. शकुनचा जीव अडकला हाय, भाऊजी. कशात अडकला थे सगळ्याईले मालूम हाय." त्यांनी ओसरीकडे हात केला. "रोज आपल्या हातानं भरवे थे त्याले. आज तिच्याच दिवशी थो लौकीचं पानी पिऊन राह्यला. कसं पोचीन तिले?"

"वयनी, त्याचा पाय..."

"पाय! एका घासानं पाय जाते का?"

"रोज एकाच घासानं गेला," देवीदास म्हणाला.

"बाबा," माठावरून नितेश बोलला. "द्या ना थोडंसं. आईसाठी. एका दिवसानं काय होते?"

"दे रे देवीदास," वामनरावही हळूच म्हणाले. "बाईमानूस गेलं, तिचं मन राख."

मैनाबाईंनी कुत्र्याचं पान वाढलं. दोन वडे, खीर, कढीत कालवलेला भात. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरं होतं. शकुनला न्यायला बोलावलेल्या गाडीत त्याच तिला धरून बसल्या होत्या. पान घेऊन त्या ओसरीकडे निघाल्या. देवीदास वाटेत आडवा आला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले.

"आना. मी देतो."

मैनाबाईंनी पान त्याच्या हातात दिलं. गल्लीने सुटकेचा श्वास सोडला. देवीदास ओसरीत गेला, बारदान्यावर कुत्र्याशेजारी मांडी घालून बसला, पान पुढ्यात ठेवलं आणि वडा मोडून आपल्या तोंडात घातला.

आधी कुणाला कळलं नाही. मग मैनाबाई किंचाळल्या.

"अवो भाऊजी! कुत्र्याचं पान हाय थे!"

"मालूम हाय."

"कुत्र्याचा घास मानसानं खात असतेत का?"

"त्याच्या वाटचं मी खातो," देवीदास म्हणाला. "पान तं रिकामं होते ना? झालं मंग."

"शकुन काय म्हनीन?"

देवीदास थांबला. खरोखरच विचार करत असल्यासारखा. "बोलीन," तो म्हणाला. "लय बोलीन." आणि त्याने भाताचा घास घेतला.

नितेश माठावरून "काय झालं? मले दिसून नाई राह्यलं," असं विचारत होता. कुणी त्याला उचलून दाखवलं नाही. वामनराव चपला शोधू लागले. त्या त्यांच्या पायातच होत्या. मैनाबाई तोंडाला पदर लावून चुलीपाशी गेल्या आणि झाकलेली भांडी पुन्हा झाकू लागल्या. हळूहळू अंगण रिकामं झालं.

सभापतीला वास आला होता. सप्तमीपासून तो उठला नव्हता. त्याने मागचे पाय गोळा केले, बूड वर उचललं, पुढचा सुजलेला पाय बारदान्यावर रोवला. तो आत दुमडला. त्याने पुन्हा रोवला. सगळं अंग थरथरत वर आलं आणि देवीदासच्या खांद्याला खांदा लावून कुत्रं उभं राहिलं. त्याचं नाक पानाच्या दिशेने होतं, लाळ देवीदासच्या मांडीवर पडत होती. मग त्याचा तोल पाय नसलेल्या अंगाला जाऊ लागला.

देवीदासने डावा हात त्याच्या छातीखाली घातला. टाक्यांची जखम भरून आली होती, तिथे केस नव्हते, कातडी गरम होती. सगळा भार हातावर आला.

उजव्या हाताने तो खात राहिला. दुसरा वडा कोरडा होता, घशाखाली उतरत नव्हता. पाण्याचा तांब्या डावीकडे होता. त्याने एकदा तांब्याकडे पाहिलं. मग हात तसाच ठेवून तो सावकाश चावत बसला.