रजईत गुंडाळलेला नांगर

बोटीचं खूळ आधी माझ्याच डोक्यात शिरलं, हे मी कबूल करते. पण ते आमच्या ह्यांच्या डोक्यात शिरल्यावर त्याचं गोदाम झालं, त्याला मी काय करणार?

आमचा धंदा घरं हलवण्याचा. ट्रक हे चालवणार, काचसामान मी बांधणार. उभं आयुष्य मी दुसऱ्यांच्या कपबशा कागदात गुंडाळल्या. लोक नव्या नोकरीला निघायचे, नव्या संसाराला निघायचे, कुणी नुसतेच कंटाळून निघायचे, आणि आम्ही त्यांचं सामान उतरवून आमच्या त्याच दोन खोल्यांत परत. रिकामा ट्रक फार खडखडतो. त्या खडखडाटात मी किती वेळा स्वतःशी म्हटलं असेल, एकदा तरी परत न फिरता पुढे जावं. म्हणून धंदा लेकीच्या हातात सोपवला त्या दिवशी ह्यांना स्पष्ट सांगितलं, "आता मला जायचंय. पोचवायला नाही, जायला."

हे म्हणाले, "जाऊ की." ह्यांचं हे 'जाऊ की' म्हणजे फार मोघम प्रकरण असतं. तरी आम्ही दोघं बंदरावर शिडाची बोट चालवायला शिकलो, परीक्षा दिली, आणि एक जुनी, धडधाकट बोट घेतली. आत झोपायला दोन जागा, उभं राहून स्वयंपाक करता येईल एवढा ओटा, आणि डोकं आपटायला भरपूर ठिकाणं. चांगल्या वाऱ्याचे महिने नुकतेच लागले होते. ते संपायच्या आत निघायचं, नाहीतर गोष्ट वर्षभर पुढे गेली. आणि ह्या वयात वर्षभर पुढे गेलेली गोष्ट परत येतेच असं नाही. माझे गुडघे तर मला रोज सकाळी तसं बजावत होते.

मग खरेदी सुरू झाली. दोरखंड आले, ते ठीक. रेडिओ आला, औषधांची पेटी आली, धोक्याच्या वेळी उडवायची रॉकेटं आली. धक्क्याला बोट घासू नये म्हणून बाजूला लटकवायचे रबरी फुगे आले. जुना नांगर गंजलेला म्हणून तो भंगारात गेला आणि नवाकोरा, चकचकीत नांगर आला. इथपर्यंत मीही बरोबरीनं पिशव्या उचलत होते. पण नंतर बोटीत शिरलेलं पाणी उपसायचा दुसरा हातपंप आला, पहिला बिघडला तर. मग तिसरा, दोन्ही बिघडले तर. "आणि तिन्ही बिघडले तर?" मी विचारलं. हे खरंच विचारात पडले, आणि मी कपाळाला हात लावला.

रोज रात्री जेवताना मी विचारायची, "मग? कधी निघायचं?"

"एवढी ताडपत्री आली की निघालोच."

ताडपत्री आली. मग ताडपत्रीला लावायच्या कड्या राहिल्या. कड्या आल्या तर त्या ठोकायचा हातोडा म्हणे घरच्या हातोड्यापेक्षा वेगळा असतो.

शेजारच्या बोटीवर एक सत्तरीच्या बाई एकट्या राहत. बंदरावर सगळे त्यांना कॅप्टनबाई म्हणत. अर्धं जग फिरून आलेल्या, पण बोलणं मोजकं. खाण्याच्या बंद डब्यांवरचे कागद काढून टाका, ओले झाले की सुटतात आणि पंपात जाऊन अडकतात, हे त्यांनीच मला शिकवलं. मी डबे सोलत बसायची आणि त्या त्यांच्या डेकवरून ह्यांची ये-जा बघत बसायच्या. एकदा मला म्हणाल्या, "ह्या बंदरात चार बोटी आहेत. सगळं सामान भरून तयार. मी तरुण होते तेव्हापासून तयार आहेत." त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

मग सामान लावायचा दिवस आला, आणि ह्यांच्या अंगात आलं. जन्मभराची विद्या होती ना! जड ते खाली, हलकं वर, आणि जे सगळ्यात शेवटी लागणार ते सगळ्यात आधी आत. खोक्याला खोका भिडवला, फटीत उशा कोंबल्या, उशांच्या फटीत टॉवेल. मीही मागे राहिले नाही. प्रत्येक कप कागदात गुंडाळला, प्रत्येक ताटली उभी लावली. संध्याकाळी बघतो तर बोट अशी गच्च भरलेली की आत मुंगी शिरली असती तर तिला बाहेर यायला पत्ते विचारावे लागले असते. दोघं कमरेवर हात ठेवून आमचंच कौतुक करत उभे राहिलो.

कॅप्टनबाईंनी दारातून आत डोकावलं आणि म्हणाल्या, "छान. आणि हे बाहेर कधी काढणार?"

"पोचल्यावर," हे म्हणाले.

"कुठे पोचल्यावर?"

हे उगाचच एक दोरी घट्ट करायला लागले.

त्या रात्री मी हट्टच धरला. लांब नको, पण निदान दीपगृहापर्यंत जाऊन येऊ. हो-नाही, हो-नाही करत हे तयार झाले. सकाळी निघालो तर वाऱ्याचा पत्ता नाही, शिडं नुसती लोंबत होती. म्हणून इंजिनावरच बंदराबाहेर पडलो. मी सुकाणूच्या चाकापाशी, हे पुढे उभे. मला इतका आनंद झाला होता की मी मोठ्यानं गात होते आणि हे चक्क ऐकून घेत होते.

दीपगृह अजून लांब होतं. इंजिननं दोन आचके दिले आणि ते बंद पडलं.

हे खाली धावले आणि तसेच वर आले, कारण खाली जायला वाटच नव्हती. नंतर कळलं की डिझेलचा नळ आम्हीच बंद केला होता. त्याच्या दांडीवर एक खोका असा काही चेपून बसवला होता की दांडी हळूहळू फिरत गेली. पण ते नंतर. तेव्हा एवढंच दिसत होतं की ओहोटीचं पाणी आम्हाला सरळ वाळूच्या पट्ट्याकडे ओढतंय.

"नांगर टाका!" मी ओरडले.

हे माझ्याकडे बघत राहिले.

"अहो, नांगर!"

"तो खाली आहे. जड ना तो."

"खाली म्हणजे कुठे?"

"तळाशी. तांदळाच्या पिंपामागे. रजईत."

"रजईत? नांगराला थंडी वाजते?"

"नवा आहे गं. ओरखडे पडले असते."

आता सांगताना मला हसू आवरत नाही, पण तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. बोट वाळूवर जाऊन टेकली, अगदी अलगद, आणि पाणी उतरायला लागलं तशी एका अंगावर कलायला लागली. आम्ही दोघं वरच्या बाजूच्या कठड्याला धरून बसलो. बोट चांगलीच आडवी झाली. मी डोळे मिटून घेतले, आता आतलं सगळं कोसळणार म्हणून.

"ऐक," हे म्हणाले.

"काही ऐकू येत नाही."

"तेच तर!" ह्यांचा चेहरा उजळला होता. "एक कप किणकिणला नाही!"

मी ह्यांना पाण्यात ढकललं नाही, कारण पाणी गुडघाभरच उरलं होतं.

बंदरातून आमची कललेली बोट दिसली तशा कॅप्टनबाई त्यांची छोटी होडी घेऊन आल्या. आमची एकूण दशा बघून हसून हसून त्यांची पुरेवाट झाली. मग त्यांनी स्वतःचा नांगर दोरीनं आमच्या बोटीला बांधला आणि खोल पाण्यात नेऊन टाकला, म्हणजे भरती आल्यावर आम्ही आणखी वर सरकणार नाही. "आता पाणी येईपर्यंत बसा," त्या म्हणाल्या. "वेळ आहे. बोलून घ्या." आणि निघून गेल्या.

आम्ही एकेक खोका डेकवर काढत इंजिनाकडे वाट करायला लागलो. अर्ध्यात हे थांबले, एका खोक्यावर बसले आणि म्हणाले, "विकून टाकू या का गं बोट?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण ह्यांच्याकडे बघितलं आणि तोंडात आलेलं सगळं तसंच राहिलं. इतका दमलेला चेहरा मी कधी पियानो चौथ्या मजल्यावर चढवल्यावरही बघितला नव्हता.

"समुद्राची भीती नाही मला," हे म्हणाले. "पण ट्रक सुरू करायच्या आधी आपल्याकडे पत्ता असायचा. पत्त्याशिवाय मी कधी किल्ली फिरवली नाही. इथे कुठे उतरवायचं ते कुणी सांगतच नाही. मग मी आणखी एखादी वस्तू आणतो. तेवढाच एक दिवस जातो."

इतक्या वर्षांत हा माणूस माझ्याशी इतकं सरळ बोलला नव्हता. मला त्याची कीवही आली आणि रागही आला.

"पत्ता येणार नाही," मी म्हणाले. "आणि मला म्हातारपणी धक्क्याला बांधलेलं गोदाम नकोय. तुम्हाला जमणार नसेल तर तसं सांगा. मी कॅप्टनबाईंबरोबर जाईन."

"खरंच जाशील?"

"खरंच."

ते खरं होतं, आणि म्हणूनच म्हणताना मला रडू आलं. हे खाली वाकले आणि पुढचा खोका उचलून माझ्या हातात दिला.

भरतीनं बोट उभी केली, नळ उघडला, इंजिन सुरू झालं. डेकवर खोक्यांचा डोंगर, मध्ये आम्ही दोघं, अशी आमची वरात बंदरात परत आली. धक्क्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात हलवला, काय करणार!

नंतर दोन दिवस घरात शुकशुकाट. तिसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तर हे अंथरुणात नव्हते. मी तशीच बंदरावर गेले. लांबूनच दिसलं, आमचं सगळं सामान धक्क्यावर ओळीनं मांडलेलं, आणि लेक ट्रक घेऊन आलेली. ह्यांनी बोट रिकामी केली होती. रिकामी बोट माणूस कशासाठी करतो, ते मला काय कुणी सांगायला हवं?

"विकली?" मी लेकीला विचारलं.

"कोण विकतंय?" आतून ह्यांचा आवाज आला. "ती येऊन उभी राहिली असेल तर आत पाठव तिला."

लेक हसायला लागली. "आई, अगं अख्खं घर निघालं ह्यातून! तीन हातपंप! हे सगळं घरी परत न्यायला बाबांनी मला बोलावलंय."

मी आत गेले. बोट स्वच्छ, रिकामी. नांगर पुढच्या टोकाला साखळीला लावलेला, त्याच्यावर काहीही नाही, आणि त्याला आधीच एक ओरखडाही पडलेला. हे ओट्याशेजारी उभे होते.

"चहा कर," हे म्हणाले.

"आत्ता? कशात?"

"तेच बघायचंय. तुझा हात कुठे जातो ते."

मी चहा केला. ज्या ज्या ठिकाणी माझा हात सवयीनं गेला, त्या त्या ठिकाणी हे धक्क्यावरून एकेक वस्तू आणून ठेवत गेले. पातेलं इथे, काडेपेटी इथे, साखर जरा खाली. मग मला म्हणाले, समज मी पाण्यात पडलोय. माझा हात जिकडे गेला तिकडे ह्यांनी दोरी अडकवली. समज इंजिन बंद पडलंय. समज तुला झोप येत नाहीये. दिवसभर आम्ही हा खेळ खेळलो. संध्याकाळी ज्याच्याकडे एकदाही हात गेला नव्हता ते सगळं लेकीच्या ट्रकमध्ये चढलं, आणि ते सामानाच्या निम्म्याहून जास्त भरलं. कॅप्टनबाईंनी त्यातून एक हातपंप मागून घेतला.

"उद्या निघू," हे म्हणाले. मोघम नव्हतं ते.

सकाळी वारा चांगला होता. लेकीनं दोऱ्या सोडल्या. तिचे डोळे भरले होते आणि ती मलाच रागवत होती, औषधं वेळेवर घ्या, कळवत राहा. आम्ही बंदराबाहेर पडलो, वाळूचा पट्टा चांगला लांब ठेवला, शीड चढवलं, इंजिन बंद केलं. दीपगृह जवळ आलं आणि मागे पडलं. चाक ह्यांच्या हातात होतं. समोर सगळा समुद्र मोकळा होता.

"बोल," हे म्हणाले. "डावीकडे की उजवीकडे?"

मी तोंड उघडलं आणि काही सुचेना. जन्मभर मी ह्यांच्या शेजारच्या सीटवर बसून वळणं सांगितली होती, हातातला कागद वाचून, दुसऱ्यांच्या घराची वळणं. ह्या माणसाला मी इतकं टाकून बोलले, पण दीपगृहाच्या पुढचा विचार मी स्वतःही केला नव्हता. कुठे जायचंय असं मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. ह्यांनी घाई केली नाही. वारा शिडात भरून होता आणि हे चाक धरून माझ्या उत्तराची वाट बघत होते.

"उजवीकडे," मी म्हणाले.

"काय आहे तिकडे?"

"मला काय माहीत!"

हे मोठ्यानं हसले, आणि ह्यांनी चाक फिरवलं.