साबणाखालचं झाकण

नरोलीच्या कारखान्यात मोबाइल फाटकावर जमा करावे लागत. सगळ्यांचे फोन सारखेच काळे, म्हणून सुकदेवने आपल्या फोनचं पाठचं झाकण काढून बाजारातलं लालभडक झाकण बसवलं. पहारेकरी आता लांबूनच ओळखे.

माय शहाद्याला दवाखान्यात होती. जास्त झालं तर फोन करते, असं बहीण चंदा म्हणाली होती. तीन दिवस फोन आला नाही, तेव्हा माय बरी होतेय असं धरून सुकदेवने सोबत्यांना पेढे खिलवायचंही कबूल केलं. चौथ्या दिवशी त्याने स्वतः फोन लावला, तर रेंजच नाही.

नाक्यावरच्या दुकानदाराने लाल झाकण उघडलं. "भाऊ, ह्या फोनचा अँटेना झाकणातच असतो. हे नुसतं प्लास्टिक. जुनं कुठंय?"

"साबण ठेवतो त्यात."

"मग साबणाला रेंज असेल."

खोलीवर जाऊन सुकदेवने झाकण धुतलं, पुसून बसवलं. फोन थरथरायचा थांबेना. चंदाचे एकोणीस मिस्ड कॉल, आणि शेवटी मेसेज : "दादा, माय तुझी वाट पाहून गेली. अग्नी काकानं दिला. दहाव्याला तरी ये."

रजा मागायला आत जाताना त्याने फाटकावर फोन जमा केला. पहारेकऱ्याने काळा फोन उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "हा कुणाचा?"