मुरूम लागेपर्यंत

मित्रांनो, माझ्या बुडाला दोन पोचे आहेत आणि एक कान निखळलाय, पण म्हणून मला भंगार समजू नका. मी आहे एक जुनं घमेलं. अमरावतीच्या एका महाविद्यालयात, राष्ट्रीय सेवा योजनेच्या खोलीत राहतो. नवा होतो तेव्हा काय चमकायचो! पण वर्षातले सात दिवस शिबिराचे, बाकी दिवस कोपऱ्याचे. मागच्या वर्षी तर मला सिमेंटसकट तसंच भिरकावून दिलं. राग येणार नाही तर काय?

यंदा शिबिर नांदगाव खंडेश्वरजवळच्या एका गावात होतं. तिथं मनकर्णाबाईंच्या दारातच मोरीचं पाणी साचायचं. दोन महिन्यांपूर्वी त्या चिखलात घसरून त्यांचा हात मोडला. हाड सांधलं, पण भीती गेली नाही. समोरच जन्माची मैत्रीण सत्यवतीबाई, तरी म्हातारी उंबरा ओलांडेना. मुलांनी दारात शोषखड्डा करायचं ठरवलं.

मी नगमाच्या वाट्याला आलो. आपण प्रमाणपत्रासाठी आलोय, हे तिनंच कबूल केलं होतं. पहिल्याच दिवशी तिच्या हातांना फोड आले, तरी तिनं मला सोडलं नाही. सहाव्या दिवशी खड्डा झाला, दगडगोटे भरले, नारळ फुटला, सरांनी फोटो काढला. मग कुणाला तरी पाणी ओतून पाहायची आठवण झाली! चार बादल्या ओतल्या. पाणी हलेचना.

"आता तं माह्या दारात विहीरच झाली!" मनकर्णाबाई ओरडल्या. "पहिले घसरली, आता बुडून मरू काय?"

शेजारचे नत्थुजी हसले. "पोरी, काया मातीत पानी मुरत नाई. मुरूम लागेपर्यंत खाली जा लागते. मले काहून नाई इचारलं?"

खरंच, कुणी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी परतीची बस होती. "फोटो तर झाला ना?" शिबिरातला प्रीतम पुटपुटला. नगमा खड्ड्यात उतरली आणि भरलेले दगड माझ्यात टाकू लागली. लाजून प्रीतमही उतरला, मग सगळेच. नत्थुजी टिकास घेऊन आले. चिकट काळी माती अंगाला बसून माझं वजन दुप्पट झालं. सातव्या दिवशी सकाळी टिकास खर्रकन वाजली. पिवळा मुरूम!

आणखी हातभर खणून दगड परत भरले. निघालेला मुरूम मी दारातल्या चिखलावर नेऊन टाकला. मग पाणी ओतलं. सगळे वाकून पाहत होते. मला तर धडकीच भरली होती. गुडगुड आवाज झाला आणि पाणी खाली गेलं. हुश्श! अंगावरची माती एकदम हलकी वाटली मला.

मनकर्णाबाई नगमाचा हात धरून निघाल्या. "सोडू नको बरं!" अर्ध्या वाटेत त्यांनीच हात सोडला. सत्यवतीबाईंच्या ओट्यावर टेकल्याबरोबर म्हणाल्या, "दोन महिने झाले, येक डाव तरी आली काय तू मले पाहाले?"

"तुह्या दारात कोन घसरीन बाई!"

नगमा हसता हसता रडली.

बस आली. सर प्रमाणपत्रं वाटू लागले. नगमाचं नाव दोनदा पुकारलं, तर ती नळाशी बसून मला घासत होती. "थांबा सर, घमेलं धुऊ द्या!"

मित्रांनो, माझं मागणं एवढंच. काम झालं की आम्हाला धुऊन पालथं ठेवा, आणि फोटोच्या आधी पाणी ओतून पाहा. बस निघाली तेव्हा ओट्यावरचं भांडण रंगात आलं होतं, आणि मनकर्णाबाई घरी जायचं नाव घेत नव्हत्या.