बातमीसाठी घेतलेले चेहरे

"मास्क काढल्याशिवाय मी काही घेणार नाही," कॅमेरामन म्हणाला. "टीव्हीवर नुसते डोळे दिसले तर लोकांना वाटेल, या लपून का बोलतायत?"

सरकारी इस्पितळाच्या फाटकाशी साठेक नर्सेस उभ्या होत्या. संपाचा तिसरा दिवस होता. सत्तर खाटांच्या वॉर्डात दोन नर्सेस, हातमोजे धुऊन पुन्हा वापरायचे, आणि त्यातच गेल्या महिन्यात त्यांच्यातली एक जण रुग्णाचाच संसर्ग होऊन वारली होती. नवे हातमोजे आणि प्रत्येक वॉर्डात तिसरी नर्स, एवढंच त्यांचं मागणं. पण संपाला बंदी होती, म्हणून तोंड उघडं ठेवायला कुणी तयार नव्हतं.

पहिल्याच रांगेत कॅमेरामनची धाकटी बहीण होती.

"दादा, हे खरंच बातम्यांत लागणार आहे ना?"

"आज सातच्या बातम्यांत. कॅसेट मी स्वतः नेऊन देतो."

तिने मास्क हनुवटीखाली ओढला. ते बघून शेजारचीने काढला, मग मागच्या रांगेनेही. त्याने कॅमेरा या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवला, एकेका चेहऱ्यावर क्षणभर थांबत. बहिणीवर तो अंमळ जास्तच थांबला. ऊन तिच्या डाव्या गालावर छान पडलं होतं.

त्याने शब्द दिला तो काही वाऱ्यावर दिला नव्हता. केंद्राचा वृत्तप्रमुख आणि तो अठ्ठावीस वर्षांपूर्वी एकाच दिवशी नोकरीला लागले होते. तेव्हा दूरचित्रवाणी केंद्र म्हणजे डाक कार्यालयाच्या वरच्या दोन खोल्या. एका खोलीत निवेदिका बसायची, दुसरीत बाकीचं सगळं. खाली शिक्के मारण्याचा आवाज वर येऊ नये म्हणून बातम्या सुरू झाल्या की शिपाई जिन्यावर उभा राहून हात हलवायचा, आणि खालचे लोक शिक्का हातात धरून पंधरा मिनिटं थांबायचे. कॅमेरा एकच. तो याच्या खांद्यावर, आणि जड बॅटऱ्यांचा पट्टा आजच्या वृत्तप्रमुखाच्या कमरेला. म्हणून त्याला सगळे 'बॅटऱ्या' म्हणायचे. पुढे सहा मजली इमारत झाली, गच्चीवर मोठी तबकडी बसली, गावोगाव मनोरे उभे राहिले. बॅटऱ्या वार्ताहर झाला, संपादक झाला, वृत्तप्रमुख झाला. याच्या खांद्यावर कॅमेरा होता तो राहिला. त्याचं याला कधी वाईट वाटलं नाही. बॅटऱ्याचे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा याची बहीण दोन महिने ड्यूटी संपवून त्यांच्या घरी इंजेक्शन द्यायला जायची. संबंध असे घरचे होते.

त्या संध्याकाळी बहीण, आई आणि तो टीव्हीसमोर बसले. मंत्र्यांनी एका पुलाचं उद्घाटन केलं. मग शेतीविषयक परिषद, हवामान, खेळ. संपाबद्दल अवाक्षर नाही. त्याने फोन केला. वृत्तप्रमुख म्हणाला की बातम्यांची यादी रोजच्यासारखी मंत्रालयात मंजुरीला गेली होती, तिथून हा मुद्दा खोडून आला, उद्या बघू. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी वृत्तप्रमुखाने फोन उचलला नाही. आई मात्र रोज सातला चष्मा पुसून बसायची आणि खेळाच्या बातम्या लागल्या की उठायची.

नवव्या दिवशी चौदा नर्सेसच्या हातात बडतर्फीची पत्रं पडली. बहीण तिचं घेऊन त्याच्या घरी आली. पत्राला एक फोटो टाचलेला होता.

फोटो बघायची त्याला खरं तर गरज नव्हती. चौकट त्याची होती. डाव्या गालावरचं ऊन त्याचं होतं. चौदा जणींच्या फोटोंत सगळ्यांत स्वच्छ फोटो बहिणीचाच आला असणार, कारण तिच्यावर तो जास्त थांबला होता.

"बातम्यांत नाही लागलं, पण कुणीतरी बघितलं म्हणायचं," ती म्हणाली आणि पाणी न पिताच गेली.

तो तडक केंद्रावर गेला. वृत्तप्रमुखाने त्याला बसायला सांगितलं, चहा मागवला. याने फोटो टेबलावर ठेवला. वृत्तप्रमुख समजावणीच्या सुरात बोलू लागला. कॅसेट केंद्राची, केंद्र सरकारचं, आणि आरोग्य खात्याने लेखी मागितल्यावर नाही म्हणणारा आपण कोण? आपण दिली नसती तर आपल्या खुर्चीवर दुसऱ्याने येऊन दिली असती. हे सगळं याला येता येता सुचलंच होतं. त्याने वेगळंच विचारलं.

"त्या दिवशी माझी पाळी नव्हती. मला मुद्दाम बोलावून का पाठवलंस?"

वृत्तप्रमुखाने टेबलावरचे कागद जुळवून सरळ केले.

"दुसऱ्या कुणासमोर त्यांनी मास्क काढले नसते," तो म्हणाला. "वरून सांगणं आलं होतं. मी तरी काय करणार होतो?"

चहा आला. याने तो घेतला नाही. सुरुवातीची सगळी वर्षं ज्याच्या कमरेच्या वायरीने आपला कॅमेरा चालला, तो माणूस टेबलापलीकडे बसला होता आणि आपल्याला त्याच्याशी बोलायला काही उरलेलं नाही, एवढंच त्याला कळत होतं. मारावंसंही वाटेना.

पंधरा दिवसांनी बडतर्फ नर्सेसची खात्याकडून चौकशी लागली. चित्रण अस्सल असल्याचं कॅमेरामनचं प्रमाणपत्र हवं होतं. छापील मजकूर तयार होता, खाली नुसती सही करायची. निवृत्तीला चार वर्षं राहिली होती. बायको म्हणाली, सही केलीत तर बहिणीला तोंड कसं दाखवाल, आणि नाही केलीत तर घर कसं चालेल, ते तुमचं तुम्ही ठरवा. त्याने छापील मजकुरावर आडवी रेघ मारली आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'हे चेहरे मी बातमीसाठी घेतले. बातमीसाठीच त्यांनी ते दाखवले. दुसऱ्या कशासाठीही त्यांची परवानगी नव्हती.' खाली सही, तारीख.

तो कागद चौकशीपुढे गेलाच नाही. संकलन विभागातल्या एका तंत्रज्ञाने दुसऱ्या छापील कागदावर सही केली. चौदा जणी गेल्या त्या गेल्याच. संप मोडला. याची बदली शहराबाहेरच्या प्रक्षेपण मनोऱ्यावर झाली. काम म्हणजे दर अर्ध्या तासाने यंत्रावरचा काटा बघायचा आणि तो हिरव्या पट्ट्यात आहे असं लिहायचं. तिथल्या छोट्या टीव्हीवर त्याने दोन महिन्यांनी बातमी पाहिली: सरकारी इस्पितळात मंत्र्यांच्या हस्ते हातमोज्यांचं वाटप. पूर्ण दीड मिनिट दिलं होतं. सगळ्या नर्सेस मास्क लावून होत्या.

बहीण भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. आईकडे यायची, त्याच्या ताटात वाढायची, विचारलेल्याचं उत्तर द्यायची. वर्षभर ती घरोघरी जाऊन इंजेक्शनं देत होती. मग एका खासगी दवाखान्याने तिला बोलावलं. अर्जाला नवा फोटो हवा होता. फोटो स्टुडिओ तिच्या घरापासून लांब, म्हणून आईने त्याला सांगितलं, तू स्कूटरवरून घेऊन जा तिला.

फोटोग्राफर तरुण आणि चटपटीत होता. त्याने तिला स्टुलावर बसवलं, दिवे लावले, हनुवटी थोडी वर, असं सांगितलं. तिने हनुवटी वर केली. पुन्हा खाली गेली. त्याने पुन्हा सांगितलं. तिला लेन्सकडे बघता येईना. दाराशी उभ्या असलेल्या भावाला दिसत होतं की दिवा उजवीकडून हवा, सावली नाकावर पडतेय. सांगावं म्हणून तो एक पाऊल पुढे झाला.

"दादा," ती खाली बघतच म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तू जरा बाहेर थांब."

तो बाहेर आला. दार हळूच ओढून घेतलं आणि पायरीवर रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. दाराच्या काचेवर आतून एकदा उजेड चमकला. तो वळला नाही.